पाहुणी फणी

मामा, पत्र लिहायला फार उशीर केला, त्याची आधी माफी मागतो. तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं तरी होत आली. नक्की किती ते मोजायला बसलो की मामी तुमच्या आधी गेल्या की नंतर, तिथेच अडतो आणि जीव घाबरा होतो, म्हणून मोजत नाही. तुम्हाला लिहिता-वाचता येत नव्हतं हेही माझ्या ध्यानात आहे. बाहेरगावच्या व्यापाऱ्याचं कार्ड आलं की मीच वाचून दाखवायचो, आणि सातवी नापास असल्यामुळे जोडाक्षरांपाशी अडखळायचो. तुम्ही म्हणायचात, "हळू वाच रे, कार्ड कुठं पळून नाही चाललं." तसंच आज हळू लिहितो आहे. दुपारचे दोन वाजले आहेत. सून कामावर गेली आहे. मुलगा नेपानगरला कागदाच्या मिलमध्ये असतो, तो फक्त रविवारी घरी येतो. घरात मी एकटा आहे आणि स्वयंपाकघरातला गॅस बंद आहे का ते दोनदा बघून आलो आहे. लिहिता लिहिता तिसऱ्यांदा जाईन. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, तो काही सुधारला नाही.

मला एक गोष्ट विचारायची आहे आणि तिचं उत्तर शनिवारच्या आत हवं आहे. माझ्या हातून एक चूक झाली आहे आणि ती सुनेच्या अंगावर आली आहे. पण नुसतं एवढंच लिहिलं तर तुम्हाला काही उमगणार नाही, कारण तुम्ही गेल्यावर केळीचं सगळंच बदललं. म्हणून आपल्या वखारीपासून सुरुवात करतो.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा लग्न झालेला माणूस होतो. जिनिंगमध्ये काम करून छातीत कापूस बसला होता, खोकला जात नव्हता, आणि तुमच्या बहिणीने, म्हणजे माझ्या आईने, तुम्हाला निरोप धाडला होता की याला तुमच्याजवळ ठेवून घ्या. बुधवारा पेठेतली ती वखार मला पहिल्यांदा धान्याच्या कोठीसारखी वाटली. हातभर जाड मातीच्या भिंती, खिडकी नाही, आणि दार एवढं बुटकं की कमरेत वाकल्याशिवाय आत शिरता येत नाही. आत केळीच्या वाळक्या पानांचा बिछाना. त्यावर कच्चे घड उभे रचलेले, आणि मधोमध मडकं. मडक्यात गोवरीचे तुकडे आणि भुसा, असे दडपलेले की जाळ होऊ नये, नुसता धूर सुटावा. मग दार ओढून घ्यायचं आणि त्याच्या फटी शेणामातीने लिंपून टाकायच्या, की भट्टी लागली. थंडीत जास्त वेळ, पावसाळ्यात कमी, आणि वैशाखात मडकं लागायचंच नाही, पानं पांघरली तरी पुरे. हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण आता हे ज्याला ठाऊक आहे असं दुसरं कोणी राहिलं नाही, म्हणून हात थांबत नाही.

पहिल्याच महिन्यात मी माल बिघडवला होता. तुम्ही मला एक भट्टी सांभाळायला देऊन बाजारात गेलात आणि मी दिवसभरात चार वेळा दार उघडून बघितलं. मला वाटायचं मडकं विझलं असेल. लिंपण फोडून डोकं आत घालायचो, डोळे चोळत बाहेर यायचो, पुन्हा लिंपायचो, आणि घटकाभराने वाटायचं, आता जास्तच पेटलं असेल. दोन दिवसांनी घड बाहेर काढले तर मागच्या भिंतीकडचे पिवळे आणि दाराजवळचे हिरवेगार. तुम्ही ओरडला नाहीत. एक हिरवं केळं तोडून माझ्या हातात दिलंत.

"खाय."

मी खाल्लं. जीभ लाकडासारखी झाली.

"कसं लागते?"

"तुरट."

"तुह्या जिवासारखं हाय ते. अरे भाच्या, तू केळं पिकवून नाही रायला, तू त्याले घडीघडी झोपेतून उठवून रायला. असं कोणतं लेकरू मोठं होते रे?"

त्या हिरव्या केळ्यांची मामींनी आठ दिवस भाजी केली. लाल तिखट आणि शेंगदाण्याचा कूट घालून, चांगली व्हायची. पण रोज ताट वाढताना म्हणायच्या, "घ्या, भाच्याची कमाई." वखारीतले गडी जेवायला बसलेले असायचे, ते खाली मान घालून हसायचे, आणि मी न बघता गिळायचो. आज त्या भाजीची चव तोंडात आहे, हसणं मात्र आठवून आठवून आणावं लागतं.

पुढच्या भट्टीला तुम्ही मला दाराला पाठ लावून बसवलंत. "डोळे मीट अन् पाठ टेक. पाठीले ऊब लागून रायली म्हणजे आत सारं बरं हाय. पोळली तर मले हाक मार. थंड पडली तरी हाक मार. मधातलं काही वाटलं तर गप बस." मधलं काही वाटलं तर गप बसणं मला उभ्या जन्मात जमलं नाही. दाराला पाठ लावणं तेवढं जमलं. माती गार असायची, मग कोमट व्हायची, आणि कोमट झाली की खांद्यांमधली जागा आपोआप सैल पडायची. चार-पाच महिन्यांत असं झालं की बंडी काढायची गरज राहिली नाही. कापडावरून कळायचं.

त्या दिवाळीला तुम्ही मला कपडे घेतले नाहीत, थर्मामीटर आणलात. लाकडाच्या पट्टीवर काचेची नळी, आत लाल रेघ, वर टांगायला कडी. गडी म्हणाले, "मामा, भाच्याले ताप येते काय?" तुम्ही म्हणालात, "त्यालेच येते. घडाले नाही येत." सगळे हसून झाले आणि मग तुम्ही तो माझ्या हातात देऊन हळूच म्हणालात, "तुले आकडे वाचता येतात, मले येत नाहीत. माही पाठ म्हातारी झाली की हे कामी येईल." मामा, मला शाळेत कधी बक्षीस मिळालं नाही. मी तो पंच्यात गुंडाळून घरी नेला आणि बायकोला दाखवला. तीही वारली आता, सहा वर्षं झाली. थर्मामीटर आहे. लाल रेघ मध्ये तुटली आहे, पण आकडा बरोबर दाखवतो.

आता पाहुणीचं लिहितो. तिच्यासाठीच हे सगळं चाललं आहे.

घड रचून झाले की मडकं पेटवायच्या आधी तुम्ही केळ्यांची एक पिकलेली फणी आणायचात. चांगली चित्ती पडलेली, देठाशी काळी पडू लागलेली. तिला हळदीचं बोट लावायचात आणि ईशान्येच्या कोपऱ्यात पानावर ठेवून म्हणायचात, "पाहुणी आली. घरच्यांनो, उठा आता." ती फणी आपल्यापैकी कोणी तोंडात घालायची नाही. भट्टी उघडली की सगळ्यांत आधी ती बाहेर काढायची आणि गल्लीतल्या गाईला द्यायची. एकदा गडबडीत पाहुणी ठेवायची राहिली आणि तो माल पुरता एक दिवस मागे पडला, ते मी डोळ्यांनी पाहिलं. मी विचारलं होतं, एवढीशी फणी एवढ्या घडांना कशी काय पिकवते? तुम्ही म्हणालात, "घरात एका पोरीचं लग्न जमलं की बाकीच्याईले कशी घाई सुटते? तसंच हाय हे." मी मान हलवली. तेवढ्यावर माझी चाळीस-पन्नास वर्षं गेली.

पुढे पुड्यांचे दिवस आले. कागदाच्या पुडीत राखाडी खडे, घडात टाकले की एका दिवसात पिवळं. हात लावला की लसणासारखा वास. तुम्ही ती पुडी वखारीत येऊ दिली नाहीत. "वरून हळद लागली, पण नवरी आत रुसलेलीच," असं म्हणायचात त्या केळ्यांना, आणि खरंच, साल पिवळी आणि आत कडक खुट्टा. पण बाजाराला घाई होती. आपल्याकडे माल यायचा कमी झाला. तुम्ही गेलात आणि मी दोन वर्षं वखार ओढली, मग सोडली, मंडीत घड मोजायला लागलो. आता त्या पुडीवर बंदी आहे, हे तुम्हाला ऐकून बरं वाटेल. वखारीच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. भिंत मात्र मागच्या बाजूने अजून तीच आहे. तिकडून गेलो की मी हात लावतो.

आता सुनेचं. ती चांदनी गावाकडच्या केळीवाल्या घरातली. तिने फळं-भाज्या टिकवण्याचंच शिक्षण घेतलं आहे, असं शिक्षण असतं हे मला लग्न ठरवताना कळलं. तिकडच्या पन्नासेक शेतकऱ्यांनी मिळून रस्त्याला लागून एक मोठी शेड बांधली आणि तिच्या हातात चाव्या दिल्या. पहिल्यांदा मला तिथे घेऊन गेली तेव्हा मी चप्पल बाहेर काढली, तर म्हणाली, "बाबा, मंदिर नाही आहे, घाला." आत मात्र मंदिरापेक्षा जास्त सोवळं. शेतातच घडाच्या फण्या वेगळ्या करतात, भरलेलं पण पिकायला अजून अवकाश असलेलं केळं. तुरटीच्या पाण्याच्या हौदात सोडतात, म्हणजे चीक धुऊन जातो आणि सालीवर डाग पडत नाही. मऊ गादीवर ठेवतात, लहान लेकराला ठेवावं तसं. पंख्याखाली वाळवतात, गार खोलीत ठेवतात, आणि न्यायला गाडी आली की खोक्यात पातळ पिशवीत घालून पिशवीतली हवा ओढून घेतात. पिशवीत जांभळ्या दाण्यांची एक पुडी टाकतात. पुडी म्हटल्यावर मी दचकलोच. ती हसली. "ही उलटी पुडी आहे बाबा. ही पिकवत नाही, पिकवणारा वायू खाऊन टाकते." गार खोलीचाही नेम आहे. साडेतेरा अंश, त्याच्या खाली नाही. खाली गेलं की केळ्याला थंडी बाधते, साल राखेसारखी होते आणि मग ते कधीच नीट पिकत नाही. असं ठेवलेलं केळं बोटीने समुद्रापार जातं आणि महिनाभराने उतरवलं तरी हिरवं असतं.

शेजारी दुसरी खोली आहे, ती आपल्या भट्टीची नात म्हणा. गावातल्या बाजारासाठी तिथे केळं पिकवतात. नळीने मोजून वायू सोडतात, रोज ठरल्या वेळी हवा बदलतात, एकही केळं मागे-पुढे होत नाही. मागच्या अंगणात काचेसारख्या छपराचा लांब बोगदा आहे, त्यात लिंबाच्या पाण्यातून काढलेल्या चकत्या उन्हाने वाळतात, तरी काळ्या पडत नाहीत. त्यांचं पीठ करतात. मी तिला तुमच्या मडक्याचं सांगितलं तेव्हा तिने हातातलं काम ठेवून ऐकलं. म्हणाली, "त्या धुरात हाच वायू होता बाबा. इथिलीन. मामाआजोबांना नाव माहीत नव्हतं, काम माहीत होतं. पिकलेल्या फळातूनसुद्धा तोच निघतो. म्हणून तर इथं कोणालाच डब्यात केळं आणू देत नाही मी." आणि मग म्हणाली, "आम्ही एकाच धंद्यातले. ते उठवायचे, मी झोपवते."

हे तिचं बोलणं नीट वाचा मामा. पिकलेल्या फळातूनसुद्धा. तिने मला सांगितलं होतं. पिकलं फळ आत नेऊ नये अशी दारावर पाटीही आहे, हिंदीत, मोठ्या अक्षरांत, आणि तिच्यात एकही अवघड जोडाक्षर नाही.

पाहुणीचं मात्र मी तिला कधी सांगितलं नव्हतं. मडकं सांगितलं, पाठ सांगितली, मामींची भाजी सांगितली. पाहुणी तेवढी ठेवून घेतली.

गेल्या आठवड्यात त्यांचा पहिला मोठा माल बोटीवर जायचा होता. गाडी बुधवारी येणार होती. सोमवारी मी तिचा डबा घेऊन गेलो. ती रोज जेवायला विसरते म्हणून मी रिक्षाने जातो, हे माझं काम आहे. पिशवीत डबा होता, थर्मामीटर होता आणि खाली, पंच्यात गुंडाळलेली, एक फणी होती. सिंधीपुऱ्यातल्या हातगाडीवरून घेतली होती, चांगली चित्ती पडलेली. घरून निघताना देवापुढच्या करंड्यातली हळद लावली होती. मी मनाशी म्हटलं, पहिला माल आहे, मामांचा हात लागायला पाहिजे. एवढंच म्हटलं होतं. निदान मी तेव्हा असंच समजलो.

"हे काय काढून राहिले बाबा?" तिने थर्मामीटर बघून विचारलं.

"तुझ्या खोलीचा ताप बघतो."

"मशीन दाखवतं ना."

"दाखवू दे. मशीनला पाठ आहे का?"

ती हसली. तिला माझं हसू येतं, पण ती मला हसत नाही, यात फरक असतो तो तिला जमतो. म्हणाली, "जा, दोन मिनिटं. स्वेटर घाला." तिने स्वतः दार उघडून दिलं. मामा, ते दार लोखंडी आहे. मी आधी बाहेरून त्याला पाठ लावून बघितली होती. काहीच कळत नाही. ना गार, ना कोमट. दाराच्या पोटात काय भरतात कोण जाणे, आतलं काही म्हणून बाहेर येत नाही. आत गेलो. पिशव्या अजून बांधायच्या होत्या, फण्या उघड्या क्रेटमध्ये गार होत होत्या, ओळीने, सगळ्या एका रंगाच्या. मी रॅकला थर्मामीटर टांगला. साडेतेरा. तोच आकडा. मग ईशान्येचा कोपरा बघितला. तिथे वर गार हवेचा पंखा आहे. शेवटच्या रॅकच्या मागे पंचा उलगडून फणी ठेवली आणि तुम्ही म्हणायचात ते म्हटलं. मोठ्याने नाही.

बुधवारी गाडी आली नाही. वाटेत बिघडली, मग दुसरी मिळेना. गाडी दारात येईपर्यंत पिशव्या बांधायच्या नाहीत अशी त्यांची रीत आहे, म्हणून माल तसाच उघडा राहिला, आणि गारवा मोडू नये म्हणून खोलीचं दारही कोणी उघडलं नाही. मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत डबा मी शेजारच्या रिक्षावाल्याकडे पाठवला. गुडघा दुखतो म्हणालो. खरं म्हणजे मला दार घडीघडी उघडायचं नव्हतं. तुम्ही जन्मभर शिकवलंत ते त्या चार दिवसांत पहिल्यांदा जमलं, आणि तेही असं.

शनिवारी सकाळी गाडी येणार म्हणून ती लवकर निघाली. मी म्हटलं, मीही येतो. तिने दार उघडलं आणि वास मला तिच्या आधी आला. मला येणारच. गोडसर, कोवळा, भट्टी उघडल्यावर पहिल्या श्वासाला यायचा तोच. पंख्याखालच्या रॅकवर केळ्यांच्या अंगावर पिवळं उतरलं होतं, आणि पुढच्या ओळींचा हिरवा रंगही फिका पडला होता. ती रॅकपाशी गेली. एका केळ्यावर अंगठा ठेवून उभी राहिली. मग फोन करायला बाहेर पळाली, आणि तेवढ्यात मी मागे जाऊन पाहुणी काढली, स्वेटरच्या आत घातली. ती काळी पडली होती, तिचं काम झालं होतं. घरी येऊन गल्लीतल्या गाईला घातली. गाईने सालीसकट खाल्ली.

तो माल बोटीवर गेला नाही, गावच्या बाजारात गेला. शेतकरी जमले. त्यातला एक म्हातारा, माझ्याच वयाचा, म्हणाला, "ताई, आम्ही हिरवं ठेवायला दिलं होतं, हळद लावायला नाही." सगळे हसले. मी क्रेटवर बसलो. मशीनवाले येऊन गेले. दाराचं रबर बघितलं, भिंत बघितली, सगळं ठीक. मग राहिलं काय? शेजारच्या खोलीतली वायूची नळी. ती बंद करायचं काम सुनेकडे असतं, दुसऱ्या कोणाकडे नाही. तोंडावर कोणी म्हणालं नाही, पण म्हणायची गरजही राहिली नाही. येत्या शनिवारी त्यांची बैठक आहे. ती म्हणते, "चाव्या देऊन टाकते बाबा. त्यांनी मागायच्या आधी दिलेल्या बऱ्या."

आणि वाईट हे आहे की तिला स्वतःलाच आता खरं वाटायला लागलं आहे. परवा भाकरी टाकता टाकता तिचा हात थांबला. म्हणाली, "बाबा, रविवारी मी नळी बंद केली होती ना? मला कॉक फिरवल्याचं आठवतं. पण ते रविवारचं आठवतंय की आदल्या दिवशीचं?" तव्यावर भाकरी करपत होती. मी म्हणालो, "केली असशील."

केली असशील. मामा, मी "केली होतीस" म्हणायला हवं होतं. एवढं जरी म्हटलं असतं तरी तिचा हात हलला असता. काल रात्री जेवण झाल्यावर ती उठून गॅस बंद आहे का ते बघून आली. मग परत गेली. मी ओट्याकडे पाठ करून बसलो होतो, पण मोजलं. दोनदा. सत्तर वर्षं मी हे दुखणं अंगावर घेऊन फिरतो आहे, माझ्या मुलाला नाही लागलं, आणि या बाहेरून आलेल्या पोरीला मी ते पाच दिवसांत लावलं. ती अशी नव्हती. ती एकदा दार लावलं की वळून न बघणारी होती.

तेव्हा सांगायचं हे माझं ठरलं आहे. तुम्हाला लिहायला बसलो तेव्हा ठरलं नव्हतं, भाकरीचं लिहिताना ठरलं. आज ती आली की हातपाय धुऊ देईन, चहा होऊ देईन आणि सांगेन की फणी मी ठेवली होती. शनिवारच्या बैठकीतही मीच उभा राहून सांगेन. हसतील ते. त्या म्हाताऱ्याला आयुष्यभराचा विषय मिळेल. मला शेडमध्ये पुन्हा येऊ देणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. डबा रिक्षावाल्याबरोबर जाईल. चाव्या तिच्याकडे राहाव्यात, एवढं झालं की पुरे.

पण एक गोष्ट राहते, आणि ती विचारायलाच हे सगळं लिहिलं. मामांचा हात लागावा म्हणून ठेवली, असं मी तिला सांगेन. ते खोटं नाही. पण पुरतं खरंही नाही. पाटी मला वाचता येत होती. एवढ्या लोखंडात, एवढ्या आकड्यांत आपली पाहुणी अजून चालते का, हे मला बघायचं होतं. आणि त्या दिवशी दार उघडल्यावर वास आला, पिवळं दिसलं, तेव्हा सून माझ्या शेजारी उभी होती, तिचा चेहरा मी अजून बघितला नव्हता, आणि त्या एवढ्याशा वेळात, मामा, मला आनंद झाला. खांद्यांमधली जागा सैल पडली. वाटलं, वखार आहे अजून.

हे तिला सांगायचं का? चूक सांगितली तर ती माफ करेल, तशीच आहे ती. हे सांगितलं तर काय करेल मला कळत नाही. न सांगावं तर अर्धंच सांगितल्यासारखं होतं, आणि अर्धा पिकलेला माल तुम्ही कधी वखारीबाहेर जाऊ दिला नाहीत.

पत्र पेटीत टाकणार नाही, पत्ता कोणता घालणार? घडी करून थर्मामीटरच्या पट्टीमागे खोचून ठेवतो. ती साडेपाचला येते. आता चार वाजून गेले आहेत आणि मी गॅस बघायला उठलो नाही, हे आत्ता ध्यानात आलं. भिंतीला पाठ लावून बसतो. काही सांगायचं असेल तर तिथेच सांगा, मला समजेल. पण लवकर कळवा मामा, ती यायच्या आत कळवा.